परळचा ताळेबंद

श्रीमंतांनी गरिबांसाठी कारखाना काढावा की दवाखाना, यावर वाद घालणाऱ्यांनी एकदा परळला चक्कर मारावी. आचार्य दोंदे मार्गावर केईएम आणि वाडिया ही रुग्णालयं शेजारी शेजारी आहेत, टाटा मेमोरियल तिथून हाकेच्या अंतरावर. या सगळ्यांच्या भोवती एकेकाळी गिरण्यांची धुराडी होती. ज्या वाडिया घराण्याने १८७९ साली बॉम्बे डाइंग काढली, त्याच घराण्याने १९२६ साली नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह आणि १९२९ साली बाई जेरबाई वाडिया मुलांचं रुग्णालय उभारलं. गुंतवणूक एका घराची, दानही त्याच घराचं आणि दोन्ही एकाच वस्तीत, त्याच माणसांसाठी. त्या दानालाही आता शंभर वर्षं होत आली. दोन्हींचा हिशेब मांडायला याहून सोयीची जागा देशात सापडणं कठीण.

आधी गुंतवणुकीची बाजू नीट मांडू. आपल्याकडच्या पुरोगामी वर्तुळात ती ऐकून न घेताच उडवून लावायची पद्धत आहे. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ विल्यम नॉर्डहाउस यांनी २००४ मध्ये एक अंदाज मांडला होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत नव्या तंत्रज्ञानातून समाजाचा जो फायदा झाला, त्यातला जेमतेम २.२ टक्के वाटा ते तंत्रज्ञान बाजारात आणणाऱ्यांच्या खिशात गेला. उरलेला सगळा स्वस्त मालाच्या आणि सोयींच्या रूपाने ग्राहकांना मिळाला. नॉर्डहाउस यांना पुढे २०१८ मध्ये नोबेल मिळालं. हा आकडा खरा धरला तर उद्योजक धंदा करतानाच इतकं देऊन बसतो, की नंतर त्याने केलेलं दान त्यापुढे चिल्लर ठरावं.

गिरणगावाने हे प्रत्यक्ष पाहिलं आहे. कावसजी दावर यांनी १८५४ साली ताडदेवला मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीचा पाया घातला आणि पुढच्या काही दशकांत रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडची माणसं मुंबईला लागली. दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारे, खाणावळीत महिन्याच्या बोलीवर जेवणारे हे गडी दर महिन्याला गावी मनीऑर्डर करत. फॉर्मच्या तळाशी मजकुरासाठी असलेल्या बोटभर जागेत कौलं शाकारायला इतके, धाकट्याच्या फीला इतके, सावकाराला इतके अशी वाटणी लिहिलेली असे. कोकणाचं अर्थकारण मनीऑर्डरवर चालतं असं म्हणत, ते अतिशयोक्तीचं नव्हतं. त्या एका पगारावर मुंबईत खाणावळवाली जगे, पानवाला जगे आणि गावाकडचं अख्खं घर उभं राही. कुठल्याही शेटजीच्या धर्मादायातून कोकणात एवढा पैसा, इतकी वर्षं, दर महिन्याला गेला नसता. शिवाय तो घामाचा पैसा होता. घेणाऱ्याला मान खाली घालावी लागत नव्हती. गरिबाच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नाही.

इथवर गुंतवणूकवाल्यांचं म्हणणं मान्य करायला हरकत नाही. अडचण पुढे येते.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. लाखाहून अधिक कामगार कायमचे घरी बसले. गिरण्या त्याआधीच डबघाईला येत होत्या. यंत्रं जुनाट झाली होती, यंत्रमागांची स्पर्धा होती आणि नफा दुसरीकडे वळवला जात होता. पण गिरणी बंद पडली तरी तिच्या पायाखालची जमीन शिल्लक होती. मुंबईच्या ऐन मध्यात गिरण्यांची अशी सुमारे ६०० एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने तिचे साधारण तीन वाटे ठरवले: एक महापालिकेकडे मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाकडे घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली. शहराचा आणि कामगारांचा वाटा एका फटक्यात आक्रसला. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये हा बदल वैध ठरवला. २०२३ मध्ये बॉम्बे डाइंगने वरळीतली आपली सुमारे २२ एकर जमीन एका जपानी समूहाच्या कंपनीला ५,२०० कोटी रुपयांच्या आसपास विकायचं ठरवलं. घरासाठी अर्ज केलेल्या गिरणी कामगारांची आणि वारसांची संख्या पावणेदोन लाखांच्या घरात आहे. आजवर वाटलेली घरं त्याच्या पासंगालाही पुरत नाहीत.

यात बेकायदा काहीच नाही आणि माझा रोख कुठल्या एका कंपनीवर नाही. मुद्दा असा, की आपण गुंतवणूक म्हणतो तेव्हा दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली खपवतो. सूत काढणारी, साचा चालवणारी, माणसाला कसब देणारी गुंतवणूक ही एक. जमिनीवर बसून शहर वाढण्याची वाट पाहणारी, ही दुसरी. नॉर्डहाउसचा हिशेब पहिलीला लागू पडतो. दुसरीत मालकाने नवं काही शोधलेलं नसतं. वरळीच्या एकराचा भाव शंभर वर्षांत वाढला तो रेल्वेमुळे, रस्त्यांमुळे, पाण्याच्या नळांमुळे आणि तिथे येऊन राबलेल्या लाखो माणसांमुळे. भाव सगळ्यांनी मिळून वाढवला आणि पैसे सातबारावर नाव असलेल्याला मिळाले. आजच्या अब्जाधीशांच्या संपत्तीतला बराच भाग या दुसऱ्या प्रकारचा आहे: जमीन, खाणी, स्पेक्ट्रम, सरकारी परवाने. त्या कमाईचं समर्थन करताना रोजगाराचे दाखले देणं ही शुद्ध हातचलाखी आहे.

मग दानाकडे वळू. दानाची थट्टा करणारेही थोडे नाहीत. आवळा देऊन कोहळा काढायचा धंदा, नाव कोरायची हौस, कर वाचवायची पळवाट अशी विशेषणं त्याला चिकटलेलीच असतात. अँड्र्यू कार्नेगी यांनी जगभर अडीच हजारांवर ग्रंथालयांना पैसा दिला; पण १८९२ मध्ये त्यांच्याच होमस्टेड पोलाद कारखान्यात कामगारांचा संप मोडून काढताना रक्त सांडलं. मजुरी कापायची आणि त्यातून ग्रंथालय बांधायचं, यापेक्षा मजुरीच वाढवून का देत नाही, असं कामगारांनी विचारलं तर त्याला उत्तर नाही. तरीही दानाचं एक काम असं आहे जे मजुरीने होत नाही. मुलाला कर्करोग झाला तर गिरणी कामगाराचा दुप्पट केलेला पगारही पुरत नाही. गरिबाच्या दुर्मीळ आणि महागड्या आजारावर उपचार करण्यात कुणाचाही नफा नसतो, म्हणून तिथे गुंतवणूक येत नाही.

टाटा मेमोरियल हे कर्करोगाचं रुग्णालय १९४१ साली टाटांच्या न्यासाने उभारलं, तेव्हा अशा रुग्णालयाची कल्पनाच देशाला नवी होती. आज तिथे आसाम, बिहार, बंगालपासून माणसं येतात. बगलेत फायलींची जाडजूड पिशवी, तोंडाला मास्क लावलेलं पोर कडेवर आणि राहायचं कुठे हा पहिला प्रश्न. त्यांच्यातले काही दादरच्या गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत उतरतात. अब्जाधीशाने उभारलेलं रुग्णालय आणि खापराचं गाडगं हातात घेऊन गावोगाव फिरलेल्या संताच्या नावाची धर्मशाळा एकाच रुग्णाला सावरतात. दानावर श्रीमंतांची मक्तेदारी नाही, हेही परळ-दादरच्या रस्त्यावर दिसतं.

पण टाटा मेमोरियलची पुढची हकीगत दानशूरांच्या गौरवग्रंथात घाईने उरकली जाते. १९५७ मध्ये रुग्णालय केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने हाती घेतलं, १९६२ मध्ये ते अणुऊर्जा खात्याकडे गेलं. आज ते चालतं ते मुख्यतः सरकारी पैशावर. देणगीने रुग्णालय जन्माला घातलं आणि करदात्यांनी ते पोसलं. दवाखान्याची इमारत बांधण्याचा खर्च एकदाच येतो. डॉक्टर, परिचारिका, औषधं, जंतुनाशक, वीज यांचा खर्च दर महिन्याला. इमारतीवर पाटी लागते, परिचारिकेच्या पगारावर लागत नाही. म्हणून देणगीदार इमारतीला सहज मिळतो आणि पगाराला मिळत नाही.

वाडिया रुग्णालयाने हे जानेवारी २०२० मध्ये भोगलं. महापालिका आणि राज्य सरकार यांच्याकडून येणाऱ्या अनुदानाचा वाद चिघळला, रुग्णांना परत पाठवायची वेळ आली, कर्मचारी रस्त्यावर उतरले, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. शेवटी सरकारने आणि पालिकेने पैसे सोडले तेव्हा गाडी रुळावर आली. गिरणी गेली तेव्हा परळच्या गरिबाला दाद मागायला जागा उरली नव्हती. रुग्णालय जायची पाळी आली तेव्हा निदान सरकारच्या दारात उभं राहता आलं. या फरकाकडे या वादातल्या दोन्ही बाजू दुर्लक्ष करतात.

याच वस्तीच्या इतिहासातली हक्काची दोन उदाहरणं घेऊ. गिरण्या आल्या तेव्हा आठवड्याची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांची संघटना बांधली, सभा घेतल्या, सह्या गोळा केल्या आणि १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी पदरात पडली. ती गुंतवणूकदाराने नफ्यातून दिली नाही आणि दानशूराने दयेतूनही दिली नाही. मुंबईतल्या बहुतेक गिरण्या पुढे बंद पडल्या. रविवारची सुट्टी मात्र आजही आहे.

दुसरं उदाहरण जास्त गुंतागुंतीचं. वाडिया प्रसूतिगृह १९२६ साली सुरू झालं. गिरणीतल्या बाईला बाळंतपणासाठी चांगली खाट मिळाली, हे दानाचं मोठंच काम. पण बाळंतीण कामावर गेली नाही तर तिची मजुरी बुडे. खाट होती, पण तिथे पडून राहायची चैन परवडत नव्हती. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. हा भार मुख्यतः सरकारने उचलावा, पण बाईच्या श्रमाचा लाभ मालकाला मिळत असल्याने त्यानेही आपला वाटा द्यावा, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ मध्ये कायदा झाला, देशातला अशा प्रकारचा पहिला. मात्र कायद्यात भार पडला मालकावरच. पुढच्या काही दशकांत गिरण्यांमधल्या बायकांची संख्या घटत गेली आणि त्यामागच्या कारणांमध्ये हा वाढीव खर्चही अभ्यासक मोजतात. म्हणजे हक्क नुसता कागदावर आणून भागत नाही, त्याचा खर्च कोण उचलणार हेही ठरवावं लागतं. बाबासाहेबांनी नेमकं तेच सांगितलं होतं.

पगार, देणगी आणि हक्क यांची सांगड घातली तर काय होतं, हे पाहायला परळहून पुण्याला जावं लागेल, आणि तो रस्ताही परळमधूनच निघतो. परळच्या हाफकिन या सरकारी संस्थेत घोड्यांच्या रक्तापासून सर्पदंशावरची आणि काही रोगांवरची प्रतिद्रव्यं बनत. पुण्याच्या पूनावालांच्या अश्वपालन केंद्रातले शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे तिकडे जात. आपले घोडे वापरून आपणच हे का करू नये, या विचारातून सायरस पूनावाला यांनी १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट काढली.

याच सीरमच्या एका लसीची गोष्ट आफ्रिकेत सुरू होते. तिथल्या सहारा वाळवंटाखालच्या पट्ट्यात दर काही वर्षांनी मेनिंजायटिसची साथ येई. १९९६-९७ च्या साथीत सुमारे अडीच लाख लोकांना लागण झाली, २५ हजार दगावले. लस बनवता येण्याजोगी होती, पण गिऱ्हाईक गरीब म्हणून बड्या औषध कंपन्यांना तिच्यात रस नव्हता. २००१ मध्ये गेट्स फाउंडेशनने सात कोटी डॉलर दिले आणि जागतिक आरोग्य संघटना व पाथ ही संस्था कामाला लागली. या लस प्रकल्पाचे प्रमुख डॉ. मार्क लाफोर्स यांनी आफ्रिकी देशांच्या आरोग्य अधिकाऱ्यांना आधी परवडणारी किंमत विचारली. उत्तर आलं, डोसला अर्ध्या डॉलरच्या आत. लस त्या किमतीत बसवायची ठरली. तंत्र अमेरिकी सरकारच्या प्रयोगशाळेतून आलं, उत्पादन सीरमने पत्करलं. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत मोहीम सुरू झाली. पुढच्या दहा वर्षांत ३० कोटींहून अधिक लोकांना लस मिळाली आणि त्या प्रकारचा मेनिंजायटिस जवळपास नाहीसा झाला.

या कामाचं श्रेय गेट्स यांच्या दानाला द्यायचं की पूनावालांच्या गुंतवणुकीला? दानाशिवाय कुणी जोखीम घेतली नसती. कारखान्याशिवाय पैसा कागदावर राहिला असता. सरकारी प्रयोगशाळेशिवाय तंत्रच नव्हतं. आणि किंमत गरीब देशांनी आधी ठरवली नसती, तर तीच लस श्रीमंतांच्या भावाने विकली गेली असती. मला यातली शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. घेणाऱ्याने अट घातली आणि देणाऱ्यांनी ती पाळली. इतर बहुतेक दानांत हे उलटं असतं: काय द्यायचं, कुणाला, किती दिवस, हे देणाराच ठरवतो. त्याला उद्या दुसऱ्या विषयाची गोडी लागली, तर आदल्या विषयातल्या गरिबाने कुणाकडे जायचं?

आता आजच्या भारताकडे पाहू. टाटा सन्सचे सुमारे ६६ टक्के भाग टाटांच्या न्यासांकडे आहेत. अझीम प्रेमजी यांनी २०१९ पर्यंत विप्रोच्या ६७ टक्के भागांचं उत्पन्न आपल्या फाउंडेशनला दिलं. फाउंडेशनचं काम प्रामुख्याने सरकारी शाळांच्या शिक्षकांबरोबर चालतं. कारखाना आणि धर्मादाय यांच्यामधली भिंतच इथे पाडलेली आहे, आणि कामही सार्वजनिक व्यवस्थेला बळ देण्याचं आहे. अशी उदाहरणं वाखाणावीत, पण ती बोटांवर मोजण्याइतकी आहेत. त्यांच्यावर धोरण आखता येत नाही.

धोरण म्हणून आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्यातलं १३५ वं कलम आहे. ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची. त्यातून वर्षाला २५ हजार कोटींहून अधिक रुपये खर्च होतात. त्याच कलमात कंपनीने आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असंही म्हटलं आहे. त्यामुळे जिथे उद्योग आधीच आहेत तिकडेच हा पैसा ओढला जातो. दुसरीकडे, सप्टेंबर २०१९ मध्ये गुंतवणूक वाढावी म्हणून कंपन्यांचा कर ३० टक्क्यांवरून २२ वर आणला. त्यात वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सोडावा लागेल असा सरकारचाच अंदाज होता. सामाजिक दायित्वाच्या सगळ्या धनादेशांची बेरीज त्याच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास भरते. वारसांना मिळणाऱ्या संपत्तीवरचं शुल्क १९८५ मध्ये गेलं, संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात गेला. वृत्तपत्रांत फोटो छापून येतात ते धनादेश देतानाचे.

यावर ठरलेला आक्षेप येतो: सरकारच्या हाती पैसा दिला तर तो झिरपून जातो, त्यापेक्षा कर्तबगार उद्योजकाने स्वतः खर्च केलेला बरा. सरकारी दवाखान्यात औषध बाहेरून आणायला लावलेल्या कुणालाही हा आक्षेप पटेल. पण उद्योजकाचा पैसा वाया गेला, तर आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. तिथे माहितीचा अधिकार चालत नाही, विधानसभेत प्रश्न विचारता येत नाही, दर पाच वर्षांनी त्याला घरी पाठवता येत नाही. सरकार नालायक निघालं, तर त्याला सुधारायची सोय कटकटीची असली तरी आपल्या हातात आहे. आणि टाटा मेमोरियल सरकारी पैशावरच इतकी वर्षं नावाजलेलं आहे, हे विसरून चालणार नाही.

तेव्हा दोन्हींतून निवड करायचीच असेल, तर माझं उत्तर असं. पोटापाण्यासाठी उत्पादक गुंतवणूक दानापेक्षा कितीतरी मोठी. पण जमिनीवर आणि परवान्यांवर बसून मिळालेला पैसा त्या खात्यात धरू नये, त्यावर शहराने आणि सरकारने आपला वाटा घ्यावा. दानाने जावं ते बाजार आणि सरकार दोघंही जायला कचरतात तिथे, घेणाऱ्याच्या अटीवर, आणि काम उभं राहिलं की ते सार्वजनिक व्यवस्थेच्या हाती द्यावं. या दोन्हींपैकी काय निवडायचं ते अब्जाधीश आपापल्या मर्जीने ठरवतील. कर किती घ्यायचा, किमान वेतन किती ठेवायचं, कारखाना बंद पडला तर कामगाराचा जमिनीवर हक्क किती, हे मात्र तुम्हीआम्ही निवडून दिलेले लोक ठरवतात, आणि गरिबाचं भलं अब्जाधीशांच्या निवडीपेक्षा या निर्णयांवर जास्त अवलंबून आहे. मत मागायला येणाऱ्याला हे तीन प्रश्न विचारा.